ऊर्फ नाय

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सरकारकडे गेटपास मागितलेला माणूस एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांचं नाव सांगत नाही. ते साधंच आहे, त्यांच्या गावात त्या नावाचे आणखी चार जण सापडतात. पण मी ते छापलं असं कळलं तर साडू पहिल्या एसटीनं शहापूरला येतील, माझ्या टायपिंगच्या दुकानासमोर उभे राहतील आणि कोणाला विचारून छापलंस, ते लेखी दे, म्हणतील. किन्हवलीच्या पुढे त्यांचं गाव, वैशाखऱ्याची आमची दोघांची सासुरवाडी, आणि नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत. तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी बावीस वर्षं काढली. त्या गेटातून खिळा जरी बाहेर जायचा झाला तरी त्याला पास लागे. जो माल परत यायचा त्याला पिवळा पास, जो कायमचा जायचा त्याला गुलाबी. साडूंनी बावीस वर्षं प्रत्येक टेम्पोवाल्याला एकच प्रश्न विचारला, ‘परतीचा का बिनपरतीचा?’ एकदा खुद्द मालकांची छत्री पासाशिवाय चालली होती म्हणून त्यांनी मालकांनाच भर पावसात गेटवर थांबवलं आणि छत्रीवर गुलाबी पास फाडला. मालक भिजले, पण दिवाळीला त्यांनी साडूंना शर्टपीस पाठवला. त्या शर्टपीसचा पास साडूंनी अजून जपून ठेवला आहे.

कारखान्याचं गेट संध्याकाळी बंद होई, साडूंचं होत नसे. मेहुणीनं शेजारी वाटीभर लोणचं दिलं की हे ओट्यावरून विचारत, ‘वाटी परतीची का बिनपरतीची?’ पुतणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना हे पुढे झाले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘पावणं, हा परतीचा पास हाय बरं का. दिवाळीला आणून दाखवायची.’ जावई भेदरला. त्यानं पुढली पाच वर्षं एकही दिवाळी चुकवली नाही. वस्तूंपेक्षाही आपल्याविषयीची माहिती बाहेर जाऊ देण्याचा त्यांना राग. एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं असं विचारलं की ते म्हणत, ‘सरळगावच्या पुढं आणि टोकावड्याच्या अलीकडं, तेवढ्यातलं काय पण दे.’ डॉक्टरनं काय होतंय विचारलं तर म्हणत, ‘शिकलात तुमी, तुमी सांगा.’ किन्हवलीच्या टेलरनं त्यांची मापं आपल्या वहीत लिहून ठेवलेली त्यांना खपत नसत. शर्ट शिवून झाला की ते समोर उभं राहून वहीचं ते पान फाडायला लावत. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट वेगळ्या मापाचा, आणि ते एकाच महिन्यात कधी जाडे तर कधी बारीक दिसत. टेलर हात जोडून म्हणे, ‘काका, तुमची छाती कोणाला विकनार मी?’ त्यावर साडूंचं उत्तर होतं, ‘आज गिऱ्हाईक नाय म्हनून. उद्या मिळंल.’ आम्ही सगळे यावर पोट धरून हसत होतो. मी तर सगळ्यात जास्त हसलो. लोकांची छाती, वजन, वय आणि आजार विकत घेणारं गिऱ्हाईक लवकरच निघणार आहे, हे त्या काळात शहापूर तालुक्यात फक्त या एका माणसाला माहीत होतं.

या सगळ्याचं मूळ एका तलाठ्याच्या कानात आहे. नव्वद सालानंतरची गोष्ट. साडूंचे वडील गेले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून यांचं नाव चढवायची वेळ आली. गावात एकाच नावाचे पाच जण म्हटल्यावर कागदावर ऊर्फ लावायची आमच्याकडे पद्धतच आहे. कोणी ऊर्फ बाळ्या, कोणी ऊर्फ लंगड्या; माणसाची सगळी अब्रू त्या एका शब्दापुढे लिहिलेली असते. तलाठी नवा, घाटावरून आलेला. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘ऊर्फ?’ साडू म्हणाले, ‘ऊर्फ नाय.’ आणि त्या भल्या माणसानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ऊर्फ नाय’. पुढे शेतसाऱ्याच्या पावतीवरसुद्धा तेच आलं. दुरुस्तीसाठी अर्ज करावा तर त्याला दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदारांनी सांगायचं काय, तर यांचं नाव नाय हे नाही. साडूंनी नाद सोडला.

मग दोन-तीन वर्षांनी आमच्या भागात फार्महाऊसची साथ आली. सफारी घातलेले लोक जमिनी शोधत मोटारसायकलवरून हिंडू लागले. असाच एक कल्याणचा गृहस्थ भर दुपारी साडूंच्या अंगणात उतरला. मी तिथंच जेवत होतो, म्हणून पुढचं संभाषण मी शब्दशः सांगू शकतो.

‘आपण नाय का?’ गृहस्थानं अदबीनं विचारलं.

‘नाय,’ साडू म्हणाले.

‘हो, म्हणजे नाय आपणच ना?’

‘नाय बोल्लो ना.’

‘तसं नाही. नाय म्हणजे नाही, की नाय म्हणजे आपण?’

‘तुमाला कोण पाहिजे?’

‘नाय पाहिजेत.’

‘नाय पाहिजे तर मग आलात कशाला?’

गृहस्थानं रुमालानं कपाळ पुसलं. मी ताटावरून उठून विहिरीकडे गेलो, कारण घास घशात अडकला होता. परत आलो तेव्हा गृहस्थ निघून गेला होता आणि साडू ओट्यावर गंभीर चेहऱ्यानं बसले होते. ‘हे नाव जगात फक्त तलाठ्याच्या कागदावर हाय,’ ते म्हणाले. ‘मग ह्याच्या तोंडात कसं आलं?’ मी समजावलं, की सातबारा हा उघडा कागद, कोणीही नक्कल काढावी, त्यात कोणाचा गुन्हा नाही. ‘ते बरोबर,’ साडू म्हणाले, ‘पण नावाला वास असतो रे. कुठनं निघालं त्याचा माग लागतो.’

त्या दिवसापासून त्यांनी जे सुरू केलं ते मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. प्रत्येक सरकारी कागदावर त्यांनी आपल्या नावापुढे वेगळा ऊर्फ लावला. रेशनकार्डावर ऊर्फ खड्या, कारण तांदळात ते निघत. विजेच्या बिलावर ऊर्फ काळू, कारण आमच्याकडे पावसाळ्यात तीन-तीन दिवस काळोखच. टेलिफोनसाठी नंबर लावला तिथं ऊर्फ मुका. जिथं साहेब आरडाओरडा करी तिथं ऊर्फ शांताराम. एकाही कारकुनानं एकदाही हरकत घेतली नाही. ऊर्फ लावल्यानं कागद वजनदार दिसतो असा त्यांचा समज असावा. कोणत्या कार्यालयाला कोणता ऊर्फ दिला ते साडूंना तोंडपाठ. ‘ह्यातला एक जरी बाहेर भेटला,’ ते म्हणत, ‘तरी कुठलं गेट उघडं राहिलं ते मला कळंल.’ आम्ही हसलो. मेहुणी हसली नाही. तिला गॅसवाला, पोस्टमन आणि पतपेढीचा शिपाई अशा तिघांना तीन वेगळ्या नावांनी ओ द्यावी लागे.

पुढे कारखाना बंद पडला आणि साडू घरी बसले. त्याच सुमाराला तालुक्याच्या एका कार्यालयानं घरोघरची पाहणी काढली. कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी लोकांची नावं बाहेर दिली, म्हणून मी त्यांचं द्यावं, असं नाही. फॉर्म लांबलचक होता. जमीन किती, मुली किती, त्यातल्या लग्नाच्या किती, घरात आजार कोणता, बाई असेल तर नवरा हयात की मयत की तिला टाकलेली. लोक माहिती देईनात. मग कोणीतरी साहेबांना सुचवलं, की गावात गेटवरचा माणूस आहे, त्याच्या हातून काही बाहेर जात नाही अशी ख्याती आहे, त्याला घेऊन फिरा. साडूंनी आधी नाही म्हटलं. मग साहेबांनी सांगितलं, ही माहिती गोळा होईल त्यावर गावाला घरकुलं मिळतील, औषधं मिळतील. साडू तयार झाले. आठ दिवस ते दारोदार हिंडले आणि प्रत्येक दारात बोलले, ‘सरकारचा कागद हाय. गेटच्या बाहेर जाणार नाय. मी हाय ना.’ स्वतःच्या फॉर्मवर मात्र त्यांनी सवयीनं नवा ऊर्फ लावला, ऊर्फ भोळ्या.

गावच्या खालच्या अंगाला एक बाई राहत होती. तिला मी हौसावहिनी म्हणतो. खरं नाव अर्थातच निराळं. नवरा वापीला कंपनीत आहे, सुटी मिळत नाही, असं गाव सात वर्षं ऐकत होतं. घरात डोळ्यांनी अधू झालेली सासू. दर दोन-तीन महिन्यांनी मुलाचं पत्र आलं म्हणून हौसावहिनी तिला वाचून दाखवी, आणि म्हातारी ते ऐकून आठवडाभर खुशीत असे. साडू फॉर्म घेऊन गेले आणि नवऱ्याच्या रकान्यापाशी आले तेव्हा तिनं मागचं दार लोटून घेतलं. ‘टाकलेली, असं लिवा भावजी,’ ती म्हणाली. ‘त्याचं तिथं दुसरं घर हाय. पन कोनाला बोलू नका.’ साडूंनी लिहिलं, आणि मेहुणीलासुद्धा सांगितलं नाही; मला कळलं ते पुढे गावभर झाल्यावर. मेहुणीला न सांगणं ही काय चीज आहे ते मेहुणीला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

वर्षभर काही झालं नाही. मग एका शुक्रवारी पोस्टमन बिनपाकिटाच्या छापील घड्यांचा गठ्ठा घेऊन आला. आमच्याकडे पाडे लांबलांब, म्हणून टपाल किराणा दुकानात ठेवायची रीत आहे. ज्याचं त्यानं यावं, घेऊन जावं. कल्याणच्या कुठल्याशा कंपनीचं शिलाई मशीन हप्त्यानं मिळणार असल्याचं पत्रक होतं. वर पत्ता छापून चिकटवलेला. कंपनीला यादी जशी मिळाली तशीच तिनं पत्त्यांवर उतरवली होती, एकही रकाना न गाळता. ‘श्रीमती हौसाबाई अमुक अमुक (परित्यक्ता), मुक्काम पोस्ट’ वगैरे. दुकानात मीठ घ्यायला आलेल्या माणसानं वाचलं, साबण घ्यायला आलेल्या बाईनं वाचलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवण्यात आलं. संध्याकाळपर्यंत ते म्हातारीच्या कानावर गेलं. म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. तिनं सुनेला एवढंच विचारलं, ‘म्हंजे पत्रं कोण लिवायचा गो?’

त्याच गठ्ठ्यात साडूंच्या नावाचं एक पत्रक होतं. श्री. अमुक अमुक ऊर्फ भोळ्या.

साडू ते हातात धरून हौसावहिनीच्या दारात गेले. तिनं दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तुमी बोल्लेलात, गेटच्या बाहेर जाणार नाय.’ मग दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. बोअरिंगवर हे दिसले की ती हंडा अर्धा भरलेला उचलून परत जाई. बावीस वर्षांत ज्या माणसाच्या गेटातून एक खिळा पासाशिवाय गेला नव्हता, त्याच्या हातून ही गोष्ट गेली होती, आणि ती आणून परत जागेवर ठेवता येणार नव्हती.

ते दार लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ते माझ्या दुकानात हजर. ‘टाईप कर,’ म्हणाले. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता आणि माझ्या दुकानात त्याचे दोन-चार अर्ज होऊन गेले होते, त्यामुळे मी स्वतःला त्यातला जाणकार समजत होतो. साडूंनी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. ‘एक. आमच्या गावची यादी आपल्या कार्यालयातून कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कोणाच्या हातून बाहेर गेली? दोन. तिचा गेटपास कोणी फाडला? पासाची नक्कल द्यावी. तीन. यादी परतीची होती का बिनपरतीची? परतीची असल्यास ती परत आली काय, आणि आली तेव्हा मोजून घेतली काय?’

‘साडू,’ मी म्हणालो, ‘गेटपास शब्द चालणार नाही. आपण “अभिलेख वितरणाची नोंद” असं घालू.’

‘नको. त्यांच्या भाषेत विचारलं की ते त्यांच्या भाषेत लपतात. गेटपासच लिव.’

‘अहो, हसतील तिथं.’

‘हसू दे की. हसताना तोंड उघडतं, तेवढंच काय तरी बाहेर पडंल.’

मी लिहिलं. मग मी सुचवलं, की हौसावहिनीचं उदाहरण घालू, अर्जाला धार येईल. साडूंनी माझ्या मशीनमधून कागद अर्धा उपसून काढला. ‘तिचं नाव परत एका कागदावर? डोकं ठिकाणावर हाय का? माझं लिव. भोळ्या लिव.’

एकोणतिसाव्या दिवशी माझ्या दुकानाच्या पत्त्यावर उत्तर आलं; स्वतःचा पत्ता साडूंनी अर्थातच दिला नव्हता. तीस दिवसांची मुदत असली की आपली कार्यालयं एकोणतिसाव्या दिवशी अतिशय कार्यक्षम होतात. मी ते पाकीट फोडून वाचलं आणि माझा चेहरा पडला. ‘आपण मागणी केलेला गेटपास या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही,’ एवढंच वाक्य आणि खाली सही. साडूंना फोन करून सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

‘परत वाच.’

मी परत वाचलं.

‘सही हाय?’

‘आहे.’

‘शिक्का?’

‘आहे. गोल.’

‘म्हंजे त्यांनी लिवून दिलं का पास नाय. यादी बाहेर गेली, पास नाय. आमच्या कंपनीत याला चोरी बोलायचे.’

त्या उत्तराच्या त्यांनी माझ्याकडून चाळीस झेरॉक्स काढून घेतल्या आणि बाजाराच्या दिवशी शहापुरात, किन्हवलीत, मुरबाडात जो भेटेल त्याला दिल्या. सापगावच्या एका लग्नात तर अक्षतांबरोबर वाटल्या. आणि अपील केलं.

अपिलाच्या सुनावणीला मी बरोबर होतो. साहेब तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर फायली इतक्या होत्या की बोलताना ते फायलींच्या वरून आणि कधी कधी मधूनही दिसत. शेजारी एक कारकून उभा होता आणि आपल्या चपलेचा अंगठा पाहत होता.

‘ही यादी गोपनीय आहे,’ साहेब म्हणाले. ‘तुम्हाला तिच्याबद्दल माहिती देता येणार नाही.’

‘बरोबर,’ साडू म्हणाले. ‘आमच्याबद्दलची गोपनीय यादी आमाला द्यायची नाय. फक्त मशीनवाल्याला द्यायची.’

‘मशीनवाल्याला आम्ही दिली असं कशावरून? माहिती काय, कुठूनही जाते.’

साडूंनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. रेशनकार्ड, खड्या. विजेचं बिल, काळू. टेलिफोनची पावती, मुका. शेवटी पाहणीच्या फॉर्मची आपल्याकडची प्रत, आणि तिच्या शेजारी मशीनचं पत्रक. ‘साहेब, जगात मला भोळ्या बोलणारे दोनच. एक तुमचं कार्यालय आणि दुसरा हा कल्याणवाला. माझी बायको पण मला भोळ्या बोलत नाय. तिची तशी समजूतच नाय.’

साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. मग कारकुनाकडे पाहिलं. कारकून चपलेलाच सांगावं तसा म्हणाला, ‘विकली नाही साहेब. एका संस्थेनं मागणी केली होती. सेवाशुल्क आकारून उपलब्ध करून दिली.’

‘आमच्याकडं त्याला विकणं बोलतात,’ साडू म्हणाले.

साहेबांनी पेन उघडलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, ‘हे पाहा, तुमच्या गावात कोणा बाईंना यामुळे त्रास झाल्याचं माझ्याही कानावर आलंय. त्यांचं नाव द्या. मी तक्रार नोंदवून रीतसर चौकशी लावतो. कोणावर कारवाई व्हायची तर पीडित व्यक्तीचं नाव लागतं.’

मी साडूंकडे पाहिलं. एक नाव, की तो चपला पाहणारा माणूस घरी बसला असता. मी त्यांच्या जागी असतो तर दिलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. बहुधा थोडा अभिनय करून दिलं असतं.

‘तक्रार माझी हाय,’ साडू म्हणाले. ‘माझं नाव लिवा. लागतील तेवढे ऊर्फ लावा.’

‘पण तुमचं नुकसान काय झालं? भोळ्या छापलं म्हणून?’

साडूंनी टेबलावरचे कागद गोळा केले, त्यांच्या कडा जुळवल्या. घाई केली नाही. ‘साहेब, आठ दिवस मी गावात दारोदार फिरलो. लोक बोलत होते, सरकारला कशाला सांगायचं? मी बोल्लो, भरवसा ठेवा. त्यांनी तुमच्यावर नाय ठेवला. माझ्यावर ठेवला. तो तुमी सेवाशुल्क घेऊन दिलात. तो तुमचा नवता. तो माझ्या गावानं माझ्याकडं ठेवायला दिला होता.’

साहेबांनी पेन मिटलं. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला हवंय काय?’

‘पुस्तक पाहिजे. कार्यालयातनं लोकांची एक ओळ जरी बाहेर गेली तरी कोणाला दिली, कोणी दिली, कशाला दिली, ते त्यात लिवायचं. पुस्तक खिडकीपाशी ठेवायचं, कोणी पण बघावं. आणि ज्यांची नावं गेली त्या प्रत्येकाला पत्र पाहिजे, की आमच्याकडनं चूक झाली. बंद पाकिटात. डिंक लावून.’

दोन महिन्यांनी आदेश निघाला. खासगी व्यक्तीला यादी द्यायची नाही, दिलेली माहिती नोंदवहीत लिहायची. कारकुनाची बदली झाली, म्हणजे तो दोन टेबलं सोडून पलीकडे बसू लागला. त्याहून जास्त व्हायला नाव लागत होतं आणि ते साडूंनी दिलं नव्हतं. पाकिटं मात्र खरोखर आली, डिंक लावलेली. त्यात एक वाक्य होतं, की सदर यादी संबंधित कंपनीकडून परत मागवण्यात आली आहे. ते वाचून मला हसू फुटलं, पण साडू हसले नाहीत. ‘वाटी परत येते रे,’ ते म्हणाले. ‘वाचलेलं कसं परत येईल?’

पुस्तक कार्यालयाच्या खिडकीपाशी सुतळीनं बांधून ठेवलं गेलं. साडू दर सोमवारी जाऊन ते उघडत. पानं कोरी. मग ते कोऱ्या पानावर तारीख घालून लिहीत, ‘काही गेले नाही. पाहिले,’ आणि खाली सही. हळूहळू आणखी माणसं येऊ लागली. बाजाराला आलेल्या बाया पिशव्या खाली ठेवून ते पुस्तक चाळत आणि अंगठा उठवून जात. नव्या कारकुनांना सांगून ठेवलेलं असे, की अमुक शर्टातले गृहस्थ आले की खुर्ची द्यायची. पण शर्ट दर वेळी वेगळ्या मापाचा, त्यामुळे ओळखताना त्यांची पंचाईत होई.

या सगळ्यात गावात त्यांचं नाव झालं, पण हौसावहिनीचं दार उघडलं नाही. ते त्या बाजूनं जायचं टाळत. तिचं माफीचं पाकीट पोहोचवायला त्यांनी पोस्टमनला पाठवलं, पण थेट घरापर्यंत. दुकानात ठेवू दिलं नाही. म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. साडू खांदा द्यायला गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी परत आले.

मग तीन-चार वर्षांनी पुन्हा कुठलीशी पाहणी आली. एक बाई पॅड आणि फॉर्म घेऊन गावात फिरत होत्या. हौसावहिनीच्या दारात गेल्या तेव्हा तिनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, ‘थांबा जरा. लिवणारा मानूस बोलावते.’ ती स्वतः चालत वरच्या आळीला आली. मेहुणी सांगते, की ओट्यावर येऊन ती एवढंच बोलली, ‘भावजी, फॉर्म आलाय.’ साडू उठले, आत गेले, हात धुतले, शर्ट बदलला आणि तिच्यामागून गेले. अर्ध्या तासानं परत आले आणि जेवायला वाढ म्हणाले.

मला हे कळलं ते महिन्याभरानं, मी गावी गेलो तेव्हा. परतताना साडू मला सोडायला किन्हवलीच्या स्टँडपर्यंत आले. बाकावर बसल्यावर मी विचारलं, की नवऱ्याच्या त्या रकान्यात तिनं या वेळी काय लिहायला सांगितलं. माझा धंदा टायपिंगचा, पण गोष्टीचा शेवट काढून घेणं ही माझी खरी विद्या आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी यंदाच्या भाताचं काढलं. दुसऱ्यांदा माझ्या पोटाकडे पाहून वजन किती झालं ते विचारलं. तिसऱ्यांदा नुसते समोर रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा मी बावीस-पंचवीस वर्षं पाहतो आहे, पण इतका निवांत कधी पाहिला नव्हता. चौथ्यांदा मी विचारलं नाही. गाडीला वेळ होता. पलीकडे कोणीतरी भाजलेल्या शेंगा विकत होतं, त्या आम्ही घेतल्या आणि दोघं सोलत बसून राहिलो.